दुसरा प्रश्न काय विचारायचा?

गेवराईच्या स्टँडवरून आमच्या चकलांब्याकडे जाणाऱ्या गाडीत जागा मिळाली की मी पहिलं काम काय करते, तर कानात इअरफोन घालते. गाणं लावतेच असं नाही. कधी कधी तर फोन बॅगेत असतो आणि वायर नुसतीच गळ्यात. पण शेजारचं माणूस बोलायला येत नाही, एवढं नक्की. आमच्या पिढीची ती पाटीच आहे, ‘कृपया बोलू नये’.

यंदा दिवाळीला घरी निघाले तेव्हा इअरफोन रूमवरच विसरले. शेजारी एक मावशी येऊन बसल्या. मांडीवर गच्च भरलेली पिशवी, मुठीत अर्धं तिकीट. गाडी स्टँडबाहेर पडायच्या आत त्यांनी सुरुवात केली.

“कुठं चाललीस बाळा?”

“चकलांब्याला.”

“मंग सोबतच झाली की. मी बी तिकडंच.”

मी हसले. मावशीही हसल्या. इथपर्यंत सगळं छान. मग दुसरा प्रश्न आला.

“आडनाव काय गं तुमचं?”

मी सांगितलं.

“हं,” मावशी म्हणाल्या. पिशवी जरा जवळ ओढली आणि समोर बघत बसल्या. उतरेपर्यंत आम्ही एक शब्द बोललो नाही.

खरं सांगायचं तर मला त्यांचा राग आला नाही. कारण त्या गप्प झाल्यावर मी काय केलं? त्यांचं कुंकू, त्यांचं बोलणं, त्या कुठून गाडीत चढल्या हे सगळं जोडून, त्या ‘कोण’ असतील याचा मनातल्या मनात हिशेब केला. मावशींनी निदान तोंडाने विचारलं. मी तेवढंही केलं नाही.

सुट्टीवरून परत आले तर या पानासाठी विषय मिळाला, ‘अनोळखी माणसांशी गप्पा कशा चालू ठेवायच्या?’ म्हटलं, सोपं आहे. इंटरनेटवर टिप्सचा ढीग पडलाय. हवामानावर बोला. समोरच्याचं कौतुक करा. हसतमुख राहा. डोळ्यात डोळे घालून बोला. (हे शेवटचं आमच्याकडे एसटीत मुलींनी करून बघावं, मग कळेल!) लिहायला बसले आणि मावशींचा तो ‘हं’ काही केल्या डोक्यातून जाईना. गप्पा कशा सुरू करायच्या हे बीड जिल्ह्यातल्या माणसाला कुणी शिकवायची गरज नाही. त्या दुसऱ्याच प्रश्नावर का बंद पडतात, हा आपला प्रश्न आहे.

जेवलीस का?

गावातला पहिला प्रश्न कधीच माहितीसाठी नसतो. “जेवलीस का?” असं विचारणारी काकू मी “नाही” म्हटलं म्हणून लगेच ताट वाढायला घेत नाही. खांद्यावर टिकाव टाकून शेताकडे निघालेल्या माणसाला लोक विचारतात, “काय, रानात का?” दिसतंय की समोर! तरी विचारतात. आणि तोही न चिडता “हां, रानात” म्हणतो. पहाटे टमरेल घेऊन निघालेल्या माणसालासुद्धा “कुठं चाललास?” विचारणारे महाभाग आमच्या गावाने पाहिलेत.

मास कॉमला आल्यावर कळलं की याला शास्त्रीय नाव आहे. ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की नावाचे मानवशास्त्रज्ञ न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर राहिले होते. तिथल्या लोकांचं बोलणं ऐकून त्यांनी १९२३ मध्ये मांडलं की, माणसं पुष्कळदा काही सांगण्यासाठी बोलतच नाहीत, नातं जुळतं ठेवण्यासाठी बोलतात. त्याला त्यांनी नाव दिलं ‘फॅटिक कम्युनियन’. सरांनी हे फळ्यावर लिहिलं तेव्हा मला आमच्या आजीची आठवण आली. दारावरून जाणाऱ्या प्रत्येक माणसाला ती “काय म्हणता?” विचारायची. काय म्हणतात ते ऐकायला थांबायची नाही. पण एखाद्या दिवशी तिने विचारलं नाही, तर माणूस मागे वळून यायचा. “आज्जे, बरं नाही का?”

म्हणजे पहिला प्रश्न म्हणजे दारावरची टकटक. दार उघडतं की नाही, ते दुसऱ्या प्रश्नावर ठरतं.

आणि आपल्याकडे दुसरे प्रश्नही काय झकास होते. दसरा जवळ आला की, “औंदा कोणता कारखाना?” एवढं विचारलं तरी समोरचा बोलता होतो. कोणता मुकादम, उचल किती घेतली, किती कोयते चाललेत, पोरं सोबत नेणार की म्हाताऱ्यांजवळ ठेवणार. ज्या जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, तिथे त्या एका प्रश्नात अख्ख्या वर्षाची चिंता मावते. शिवाय, “कापूस किती निघाला?” “बोअरला पाणी हाय का?” “पोरगी कुठं दिली?” या प्रश्नांची उत्तरं एका शब्दात देताच येत नाहीत. म्हणून तर गप्पा चालू राहायच्या.

मग मधे काय झालं?

चकलांब्याहून कॉलेजला जायचं तर आधी गेवराई, मग महामार्गाने शहागड, वडीगोद्री, पाचोड करत छत्रपती संभाजीनगर. या रस्त्याजवळच्या गावांची नावं आता अख्ख्या महाराष्ट्राला पाठ झालीत. अंतरवाली सराटीत २०२३ च्या ऑगस्टअखेरीस मराठा आरक्षणासाठी उपोषण सुरू झालं. १ सप्टेंबरला तिथे लाठीमार झाला. ३० ऑक्टोबरला बीडमध्ये जाळपोळ झाली. जून २०२४ मध्ये वडीगोद्रीत ओबीसी आरक्षण वाचवण्यासाठी उपोषण झालं. दोन्ही गावं एकमेकांच्या शेजारची. मधल्या काळात लोकसभेची निवडणूक झाली. मग ९ डिसेंबर २०२४ ला मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली, आणि बीड हे नाव रोज रात्री टीव्हीवर यायला लागलं.

आरक्षण कुणाला मिळावं, यावर हा लेख नाही. तो प्रश्न खरा आहे, दोन्ही बाजूंच्या घरांत शिकलेली आणि बिनकामाची बसलेली पोरं आहेत, आणि त्यावर बोलायला माझ्यापेक्षा जाणकार माणसं आहेत. मी फक्त बोलण्यावर बोलते आहे. या दोन-तीन वर्षांत आमच्याकडचा दुसरा प्रश्न बदलला. आता तो आडनावाचा झाला. आणि त्याचं उत्तर एका शब्दात देता येतं. उत्तर मिळालं की विचारणारा ठरवतो, पुढे बोलायचं की समोर बघत बसायचं.

गोष्ट इतक्या थराला गेली की २०२५ मध्ये बीडच्या पोलीस अधीक्षकांनी पोलिसांच्या नावाच्या पाट्यांवरून आडनावं काढायला लावली. एकमेकांना हाक मारतानाही फक्त पहिलं नाव. मला ती बातमी वाचून आधी बरं वाटलं आणि मग कसंतरी झालं. छातीवरची पाटी बदलणं पोलिसांच्या हातात होतं, त्यांनी ते केलं. पण एसटीच्या सीटवर बसलेल्या दोन बायकांच्या मधली पाटी कोण काढणार?

हे सगळं मी कॉलेजच्या कट्ट्यावर तावातावाने सांगत होते. “आपल्याकडे गप्पाच संपल्या यार, सगळे आडनाव विचारायलेत.” माझी एक वर्गमैत्रीण चहा पीत ऐकत होती. ती दलित आहे. शांतपणे म्हणाली, “तुम्हाला आत्ता त्रास व्हायला लागलाय. मला पहिलीच्या वर्गापासून दुसरा प्रश्न हाच आहे.” मग तिने शहरात रूम शोधतानाचा अनुभव सांगितला. रूम दाखवून झाली, भाडं ठरलं, घरमालकीणबाईंनी प्रेमाने पाणी दिलं. मग विचारलं, “आडनाव काय?” दुसऱ्या दिवशी फोन आला, “आमचे पाहुणे राहायला येणार आहेत, रूम देता येत नाही.”

मी गप्प बसले. ‘पूर्वी गावात सगळे कसे गोडीगुलाबीने बोलायचे’ असं एक वाक्य मी या लेखासाठी लिहून ठेवलं होतं. ते खोडलं. पूर्वीही सगळे सगळ्यांशी बोलत नव्हते. काहींसाठी दार कायमच बंद होतं. आता ते आणखी काहींसाठी बंद झालं, तेव्हा कुठे आमच्या लक्षात आलं.

आज भाजी कोणती?

कुणी म्हणेल, बसमधल्या दोन गप्पा राहिल्या म्हणून काय बिघडलं? फोन आहे की.

बिघडतं. अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांचा १९७३ चा एक गाजलेला शोधनिबंध आहे. त्यांनी दाखवलं की, माणसांना नोकरीची खबर बऱ्याचदा जिवलग मित्रांकडून मिळत नाही, जेमतेम ओळखीच्या माणसांकडून मिळते. कारण साधं आहे. आपल्या जवळच्यांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतं. नवीन माहिती लांबून येते. आता माझंच बघा. या इंटर्नशिपची खबर मला कुणी दिली? मेसमध्ये शेजारी ताट घेऊन बसणाऱ्या एका सीनियर मुलीने. आमचं नातं ‘आज भाजी कोणती?’ एवढ्यावरच होतं. पण ते रोज होतं. एके दिवशी भाजीवरून परीक्षा, परीक्षेवरून ‘पुढे काय’, आणि ‘पुढे काय’वरून ही इंटर्नशिप.

बीड-गेवराईच्या पोरांकडे पुण्या-मुंबईतले काका-मामा नसतात. आपल्याकडे अशा जेमतेम ओळखीच असतात. त्याच आपण आडनावाच्या चाळणीतून गाळायला लागलो, तर नुकसान कुणाचं?

दुसरी एक गंमत. निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर या दोन संशोधकांनी शिकागोच्या लोकलमधल्या प्रवाशांवर प्रयोग केला होता, २०१४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. काहींना सांगितलं, शेजारच्या अनोळखी माणसाशी बोला. काहींना सांगितलं, एकटेच बसा. लोकांचा अंदाज होता की गप्प बसलेल्यांचा प्रवास जास्त सुखाचा होईल. झालं उलटं. बोलणाऱ्यांचा प्रवास छान झाला. म्हणजे बोलायचं नसतं असं नाही, समोरच्यालाच बोलायचं नसेल असं आपण धरून चालतो. तिकडे समोरचाही तेच धरून बसलेला असतो.

आबा आणि त्यांचे मित्र

आमचे आबा आणि त्यांचे एक मित्र, मी त्यांना तात्या म्हणते, यांचा सकाळचा चहा कैक वर्षं एकाच हॉटेलात, एकाच बाकावर. दोघांची जात वेगळी, हे मला मोठी होईपर्यंत माहीतही नव्हतं. २०२४ च्या निवडणुकीनंतर तात्या त्या हॉटेलात यायचे थांबले. भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर कुणीतरी मधे पडून मिटवलं असतं. नुसतं बोलायचं राहिलं. आबा रस्त्याने जाताना तात्यांच्या दाराकडे बघायचे नाहीत, तात्या आमच्या.

मग सप्टेंबर २०२५ चा पाऊस आला. मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, जायकवाडीतून गोदावरीत पाणी सोडलं, गेवराई तालुक्यातल्या नदीकाठच्या गावांत पाणी शिरलं. नदीपासून लांब असलेल्यांच्याही रानात पाणी साचलं. कापूस उभ्या उभ्या काळा पडला. अशात एक दिवस आबा बांधावर उभे होते आणि तात्या रस्त्याने चालले होते. तात्या थांबले.

“पाणी निघालं का रानातलं?”

“कुठलं निघतंय. तुमच्यात?”

“गुडघ्याएवढं हाय.”

“सोयाबीन?”

“गेलं.”

दीड वर्षानंतरचं पहिलं बोलणं एवढंच. मला हे आबांनी नंतर सांगितलं. सांगताना ते हसत होते, सोयाबीन गेल्याचं सांगताना माणूस हसतो हे मी पहिल्यांदाच पाहिलं. आता चहा परत एका बाकावर होतो. राजकारणाचा विषय निघाला की दोघांपैकी एक जण पानाच्या टपरीकडे जाऊन येतो. मनं पूर्ण साफ झालीत असं मी म्हणणार नाही. पण बाक एकच आहे.

तात्यांनी काय विचारलं ते बघा. तुम्ही कुणाला मत दिलं, असं नाही विचारलं. आमच्याबद्दल काय बोललात, असंही नाही. जे दोघांच्याही पायाखाली होतं तेच विचारलं. पाणी.

तर मग काय विचारायचं?

पत्रकारितेत पहिल्याच आठवड्यात सहा ककार शिकवतात. कोण, काय, कुठे, कधी, का, कसे. बातमीत ‘कोण’ महत्त्वाचा, मान्य. अनोळखी माणसाशी बोलताना मात्र मी आता ‘कोण’ सगळ्यात शेवटी ठेवायचं ठरवलंय. आधी ‘काय’ आणि ‘कसं’. मला जमलेल्या दोन-चार गोष्टी सांगते, टिप्स म्हणा हवं तर.

एक, दोघांच्या समोर जे आहे तिथून सुरू करा. उशीर झालेली गाडी, रस्त्यावरचे खड्डे, हातातली पिशवी, बाहेरचं पीक. त्यासाठी समोरच्याची कुंडली लागत नाही.

दोन, उत्तरातला एक शब्द पकडा. कुणी म्हणालं, “दवाखान्यात गेले होते,” तर “हो का” म्हणून फोन काढू नका. “बरं आहे ना सगळं?” एवढंच विचारा. पुढचं समोरचा माणूस बोलतो. गप्पा चालू ठेवायला भरपूर बोलता यायला पाहिजे, हा गैरसमज आहे. भरपूर ऐकता आलं तरी पुरतं.

तीन, आपलंही थोडं द्या. नुसते प्रश्न विचारत राहिलं की चौकशी वाटते. “माझी आई पण गुडघ्याला वैतागलीय” असं एक वाक्य टाकलं की समोरचं माणूस सैल होतं.

चार, थांबायचं कधी ते कळलं पाहिजे. समोरचा एका शब्दात उत्तरं द्यायला लागला की “बरं” म्हणून थांबावं. आणि मुलींसाठी खास, समोरच्याची नजर किंवा प्रश्न खटकला तर बोलणं चालू ठेवायची आपल्यावर कसलीही सक्ती नाही. अशा वेळी इअरफोन जिंदाबाद.

पाच, कुणी आडनाव विचारलंच तर? खोटं सांगू नका, चिडूही नका. मी अलीकडे पहिलं नाव सांगते आणि लगेच माझा प्रश्न टाकते. “मी अमुक. तुमचा कापूस वेचून झाला का?” दहापैकी सगळे दहा जण कापसावर येतात असं नाही. पण बरेच येतात. कारण आडनावापेक्षा कापसावर बोलायला माणसाकडे जास्त असतं.

आणि हो, निघताना “जाते” म्हणू नका. आपल्याकडे “येते” म्हणतात. परत भेटायची सोय त्या एका शब्दात केलेली असते.

यातून जिल्ह्यातला जातीचा प्रश्न सुटेल का? नाही. रूम नाकारणाऱ्या बाई माझ्या पिशवीवरच्या गप्पांनी बदलणार नाहीत. त्यासाठी कायदा लागतो, नोकऱ्या लागतात, पाणी लागतं, आणि नाकारणाऱ्याला तोंडावर ‘हे चूक आहे’ सांगणारी माणसं लागतात. पण ती माणसं तयार कुठे होणार? ज्यांच्याशी आपण कधी बोललोच नाही, त्यांच्या बाजूने आपण उभे राहू, असं मला तरी वाटत नाही.

त्या मावशींचं मला राहून राहून वाटतं. त्या ‘हं’ म्हणाल्या आणि मी लगेच मान फिरवली. बावीस वर्षांची, पत्रकारिता शिकणारी, लोकांना प्रश्न विचारायचं शिक्षण फी भरून घेणारी मुलगी. दुसरा प्रश्न त्यांचा चुकला, मान्य. पण तिसरा प्रश्न विचारायची पाळी माझी होती. मांडीवर एवढी मोठी पिशवी होती. “मावशी, कोणासाठी नेताय एवढं?” एवढंच तर विचारायचं होतं. लेकीकडे चालल्या असतील, नातवाचे कपडे असतील, फराळ असेल. त्या पिशवीत काय होतं, हे मला अजून माहीत नाही.

येत्या शनिवारी परत गावाकडे निघतेय. इअरफोन सोबत घेतलेत. बॅगेत ठेवलेत.